उधाणाला समाज येत नाही

मानवजातीच्या इतिहासात काही दिवस असे येतात की त्यांच्यानंतर काहीच पूर्वीसारखं राहत नाही. पृथ्वीच्या वाढत्या तापमानाबद्दल समाजाने विद्यापीठाशी आणि विद्यापीठाने समाजाशी समोरासमोर बसून बोलण्याचा तसा एक दिवस पनवेलमध्ये उगवणार होता. तो खरं तर आधीच्या शनिवारीच उगवायचा होता. पण त्या शनिवारी सभागृहात मॅनेजमेंट विभागाचं ताणमुक्ती शिबिर होतं, म्हणून इतिहासाला पुढचा शनिवार देण्यात आला.

ही बातमी मला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मिळाली. प्रा. विश्वजीत खानोलकर हे माझे शेजारी, आणि गच्चीवर त्यांचा सौर कुकर असतो. सकाळी ते त्यात मोठ्या श्रद्धेने तांदूळ ठेवतात, आणि दुपारी खाली जाऊन ललितावहिनींनी गॅसवर केलेला भात अत्यंत शांत चेहऱ्याने जेवतात. कुकरातला भात संध्याकाळी कावळ्यांना मिळतो. आमच्याकडचे कावळे त्यामुळे सौरऊर्जेच्या बाजूचे आहेत.

“नाना,” ते मला म्हणाले, “तुम्ही आयोजन समितीत आहात.”

“कधीपासून?”

“कालपासून. जागरूक नागरिक म्हणून.”

निवृत्त माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याला वेळच वेळ आहे हे त्याच्या घरच्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं. समितीत आणखी कोण आहे, असं मी विचारलं. तर ते स्वतः, त्यांची सहकारी रोशनी आणि मी. म्हणजे विद्यापीठाचा अख्खा पर्यावरण विभाग, अधिक मी.

विश्वजीतरावांचा चेहरा मात्र त्या कुकरातल्या तांदळासारखा दिसत होता, धड कच्चा नाही आणि धड शिजलेला नाही. खोदून विचारल्यावर कळलं. कुलगुरूंनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की यंदाच्या लोकसंवादात लोक दिसले नाहीत, तर पर्यावरण विभाग मॅनेजमेंट विभागात विलीन केला जाईल. दारावरची पाटी उतरेल, खाडीकडे तोंड असलेली ती छोटी खोली जाईल, आणि जन्मभर चिखलात उभं राहून खारफुटी मोजलेले विश्वजीतराव ‘शाश्वत नेतृत्व’ नावाचा विषय शिकवू लागतील.

“आणि लोक म्हणजे खरे लोक, असं म्हणाले,” विश्वजीतरावांनी खाली बघत सांगितलं.

याला कारण होतं. गेल्या वर्षीच्या संवादाला कुणी फिरकलं नाही म्हणून ऐनवेळी विद्यापीठाचे सुरक्षारक्षक साध्या कपड्यांत आणून बसवले होते. सगळं सुरळीत चाललं होतं. पण कुलगुरू सभागृहात शिरले आणि पहिल्या दोन रांगांतल्या समाजाने उठून त्यांना कडक सलाम ठोकला.

*

यंदा खरे लोक आणायचे म्हणून आम्ही तिघे मोरा बंदराकडे निघालो. रोशनीची आत्या कृष्णाबाई तिथली. बंदरावरच्या मासळीवाल्या बायांमध्ये तिचा शब्द शेवटचा असतो, कारण ती दुसऱ्या कुणाचा पहिला शब्द संपू देत नाही. रोशनीकडे गाडी आहे, पण हवामानबदलाचं आमंत्रण पेट्रोल जाळून द्यायला विश्वजीतरावांचं मन तयार होईना. त्यामुळे आम्ही एसटीने गेलो. न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेत एसटी अशी अडकली की दोन्ही बाजूंच्या ट्रेलरांचा धूर आम्ही तिघांनी समसमान वाटून घेतला. विश्वजीतराव खिडकीशी बसले होते. उतरताना त्यांचा डावा गाल उजव्या गालापेक्षा काळा होता, पण सदसद्विवेकबुद्धी लख्ख होती.

कृष्णाबाई धक्क्यावर पाटी पुढ्यात घेऊन जवळा निवडत बसल्या होत्या. थोड्या अंतरावर दयाराम नाखवा आमच्याकडे पाठ करून जाळं शिवत होते.

“आत्या, हे आमचे सर,” रोशनी म्हणाली.

कृष्णाबाईंनी सरांच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. “मासली घ्यायची हाय?”

“नाही, मी शाकाहारी आहे.”

“मंग धक्क्याव कशाला आला, मास्तर?”

विश्वजीतरावांनी सांगितलं. समुद्र कसा तापतोय, पाऊस कसा बेभरवशाचा झालाय, आणि याबद्दल विद्यापीठाने लोकांचं ऐकून घेणं कसं गरजेचं आहे, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. बोलता बोलता जवळ्यावर माशी बसली तर तीही उडवली. कृष्णाबाई निवडत राहिल्या.

“म्हंजे तुमी आमचं ऐकनार.”

“हो, तेच तर.”

“माजं घरात कोन ऐकत नाय.”

“अख्ख्या बंदराला ऐकू जातंय,” दयाराम नाखवा म्हणाले. पण ते जाळ्याला म्हणाले.

“काई लोकांचे कान लय मोटे झालेत,” कृष्णाबाई जवळ्याला म्हणाल्या.

रोशनीने मला हळूच समजावलं. दयाराम नाखवा आणि कृष्णाबाईंचं घर एकमेकांशी बोलत नाहीत. डोल नावाचं पिशवीसारखं जाळं असतं. ते पाण्याच्या धारेत तोंड उघडून बसतं आणि वाहत येईल ते गिळतं. कृष्णाबाईंचे जावई शैलेश यांनी काही वर्षांपूर्वी आपली डोल नाखव्यांच्या डोलीच्या पुढे मांडली. पुढच्याचं पोट आधी भरतं, हा नियम लग्नाच्या पंगतीइतकाच समुद्रातही लागू आहे. तेव्हापासून नाखवा जाळ्याशी बोलतात, आत्या मासळीशी बोलते, आणि निरोप बरोब्बर पोचतो.

“बरं, कवा हाय ता?” कृष्णाबाईंनी विचारलं.

“चौदा तारखेला. शनिवारी.”

“तारीक नको. तीथ सांगा.”

विश्वजीतराव ताठ झाले. इथे एक खुलासा करायला हवा. विश्वजीतराव अंधश्रद्धेच्या कडक विरोधात आहेत. तिथीवार छापलेलं कॅलेंडर त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. तेव्हापासून ते मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून टांगलेलं असतं, आणि कपाटाचं दार नीट का लागत नाही हा प्रश्न त्यांना अधूनमधून पडतो.

“माझा तिथीवर विश्वास नाही,” ते म्हणाले.

“इश्वास नका ठेऊ. निस्ती बघून सांगा.”

“सर,” रोशनी मध्ये पडली, “त्या दिवशी पौर्णिमा आहे. म्हणजे उधाण. तेव्हा धारेला जोर असतो, तेव्हाच डोलीत मासळी…”

“रोशनी, विज्ञानाच्या कार्यक्रमाची तारीख आपण पंचांग बघून ठरवायची? उद्या तू राहुकाळ टाळून थर्मामीटर लावशील.”

रोशनी गप्प बसली. वरिष्ठाने विनोद केला की गप्प बसावं, हे तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलेलं आहे.

कृष्णाबाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. “हॉल थंड हाय कं?”

विश्वजीतराव ओशाळले. “एसी आहे. आम्ही कमीत कमी वापरतो.”

“मोटा हाय?”

“तुमचं अख्खं बंदर बसेल.”

“गेल्या मे महिन्यात शेजारच्या पोरीच्या हलदीला मांडवात बाया चक्कर येऊन पडल्या,” कृष्णाबाई म्हणाल्या. “नवरीची हलद घामाने वाहून गेली. यंदा माज्या नातीचं लगीन हाय. गरमी लय झाली, मास्तर.”

विश्वजीतरावांचे डोळे पाणावले. “उष्णतेची लाट आणि किनारी स्त्रिया,” ते मला हळूच म्हणाले, “थेट साक्ष आहे, नाना.”

“येऊ ना मंग,” कृष्णाबाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत विश्वजीतराव खुशीत होते. रोशनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सर, धक्क्यावर पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, एवढंच झालंय.”

*

चौदा तारखेला समाजासाठी पोहे आणि शिरा केला होता. व्यासपीठावर फलक होता, फलकावर हिरवी पृथ्वी होती, पृथ्वीला दोन हात होते आणि ते हात तिने जोडलेले होते. कुलगुरू वेळेवर आले. समईची पहिली वात त्यांनी लावली. दुसरी लावायला समाजाचा प्रतिनिधी हवा होता, म्हणून ती मला लावायला सांगितली.

प्रेक्षागृहात ललितावहिनी होत्या, रोशनी होती, आणि माईकवाला होता. विश्वजीतरावांनी प्रास्ताविक लांबवलं. हिमयुगापासून सुरुवात केली. हिमनग वितळून संपले तरी समाज येईना. मध्येच मागचं दार उघडलं आणि एक अनोळखी माणूस आत आला, तेव्हा आम्ही सगळे नकळत उभे राहिलो. तो एसीचा आवाज कुठून येतोय ते बघायला आला होता. कुलगुरूंनी त्यालाही बसून घ्यायला सांगितलं, पण त्याला काम होतं.

“खानोलकर,” शेवटी कुलगुरूंनी विचारलं, “समाज कुठे आहे?”

विश्वजीतरावांनी रोशनीकडे पाहिलं.

“समुद्रात, सर,” ती म्हणाली. “आज पुनवेचं उधाण आहे. सगळ्या डोली पाण्यात आहेत. आणि जी मासळी येईल ती विकायला बाया बाजारात.”

कुलगुरू हळूहळू उठले. “गेल्या वर्षी गणवेश काढलेला समाज होता. यंदा नुसत्या खुर्च्या आहेत. वेश कमी होत चाललाय, ही एक प्रगतीच. पण मला या महिन्याच्या आत एकदा तरी माणसं दाखवा. नाहीतर पाटी काढायला मी सुतार सांगून ठेवतो.”

पोहे आणि शिरा वसतिगृहाच्या मुलांनी संपवला. हवामानबदलावर असे कार्यक्रम वारंवार व्हावेत, असं त्यांनी आवर्जून सांगितलं.

*

त्या संध्याकाळी मी खानोलकरांकडे गेलो तेव्हा विश्वजीतराव लॅपटॉपसमोर बसून भरती-ओहोटीच्या तक्त्यांचे आलेख काढत होते. उधाणाला समाज येत नाही हे त्यांना पटलं होतं. आता समाज कधी मोकळा असतो, हे त्यांना शुद्ध विज्ञानाने काढायचं होतं.

“भरतीची उंची सगळ्यात कमी कधी असेल, ते बघतोय,” ते म्हणाले. “चंद्र आणि सूर्य यांचं आकर्षण काटकोनात असतं तेव्हा…”

“पुढच्या आठवड्यातल्या रविवारी अष्टमी आहे,” ललितावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

“मला तिथी नकोय, ललिता. मला किमान उंची हवी आहे.”

“बरं.”

मग बराच वेळ फक्त टंकण्याचा आवाज येत होता. वहिनींनी आणून दिलेला चहा मी संपवला, विश्वजीतरावांचाही मीच संपवला. अखेर विश्वजीतरावांनी चष्मा काढला. पडद्यावर निळी रेषा डोंगर चढून दरीत उतरली होती.

“रविवार,” ते म्हणाले.

“मी काय म्हणाले?”

“तू तिथी म्हणालीस. मी गणित केलं.”

“चंद्र बहुधा एकच असावा,” मी म्हणालो.

“आमच्या कपाटात तरी एकच आहे,” वहिनी म्हणाल्या.

विश्वजीतरावांनी हे ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. दोघांच्या संसाराला बरीच वर्षं झाल्याने यातला फरक बाहेरच्याला कळत नाही.

पण अडचण वेगळीच निघाली. रविवारी विद्यापीठ बंद. सुटीच्या दिवशी सभागृह हवं असेल तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जात कारणांचे तीनच पर्याय आहेत: राष्ट्रीय सण, आपत्कालीन परिस्थिती आणि धार्मिक कार्य. विश्वजीतरावांनी ठामपणे आपत्कालीन परिस्थितीवर खूण केली. कुलसचिवांनी अर्ज वाचला.

“काय आपत्ती आहे?”

“हवामानबदल.”

“कधी झाली?”

“सुरू आहे, सर. दीडशे वर्षांपासून.”

“मग रविवारीच का?” कुलसचिव म्हणाले. “सोमवारीही असेल की. आणि आपत्तीला अग्निशमन दलाचा दाखला लागतो.”

विश्वजीतराव दाराबाहेर आले, व्हरांड्यात उभे राहिले. समोर त्यांच्या विभागाची पाटी दिसत होती. ती त्यांनीच एकदा स्वतः रंगवली होती, आणि ‘पर्यावरण’मधला ‘व’ अंदाज चुकल्याने जरा खाली आला होता. ते त्या ‘व’कडे बघत राहिले. मग परत आत गेले. ‘धार्मिक कार्य’ या चौकटीत खूण केली आणि पुढे तपशिलात लिहिलं: अष्टमी. हे लिहिताना त्यांचा हात किती जड झाला होता, ते मी शेजारी उभा राहून पाहिलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात ज्या हाताने त्यांनी लिंबू-मिरची तोडली होती, तोच तो हात.

कुलसचिवांनी उभं राहून हस्तांदोलन केलं. “सर, तुम्हालाही वेळ लागला, पण आलात. वय झालं की माणूस येतोच.” आणि त्यांनी टेबलाच्या खणातून गणपतीपुळ्याचा प्रसाद काढून दिला. विश्वजीतरावांनी तो खाल्ला. विभागासाठी माणूस काय काय गिळतो.

*

रविवारी सकाळी आम्ही सभागृहाशी पोचलो तर दाराशी रांगोळी होती आणि एक पाटी होती: कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. व्यासपीठावर चौरंग, चौरंगावर कलश, कलशावर नारळ. नोंदीत ‘धार्मिक कार्य’ वाचून शिपायांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांना दोष देता येत नव्हता, आणि कलश हलवायला कुणी धजत नव्हतं.

“आता हात लावू नका,” ललितावहिनी विश्वजीतरावांना म्हणाल्या. “तुमचा विश्वास नाही, पण लोकांचा असेल.”

रोशनीने आत्याला अष्टमीचा निरोप धाडला होता. तेवढ्यात टेम्पो आले. मोऱ्याचा समाज उतरू लागला आणि उतरतच राहिला. बाया गजरे माळून, सोनं घालून आल्या होत्या. पुरुष इस्त्रीच्या शर्टांत होते. भांगेच्या दिवसांत, म्हणजे धार मंद असते तेव्हा, होड्या ओढलेल्या असतात आणि घरी बसून पत्ते खेळण्यापलीकडे फारसं काम नसतं, असं रोशनीने नंतर सांगितलं. विश्वजीतराव दारात उभे राहून हात जोडत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं मोजतायत, पण ते नुसतेच हलत होते.

कृष्णाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. पण त्या खुर्चीत बसल्या नाहीत. त्या व्यासपीठावर चढल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, एसीच्या जाळीखाली हात धरून उभ्या राहिल्या, आणि मागचं दार उघडून त्यातून किती मोठं सामान आत येईल ते डोळ्यांनी बघून आल्या.

“निरीक्षण बघा, नाना,” विश्वजीतराव भारावून म्हणाले. “हे लोक आधी जागा समजून घेतात.”

कुलगुरू आले आणि दारातल्या चपलांचा ढीग बघून थबकले. त्यांनीही बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ते उरलेला पूर्ण वेळ डावा पाय उजव्या पायामागे ठेवून बसले, आणि त्यामुळे फार विनम्र दिसले.

विश्वजीतरावांनी पडद्यावर आलेख दाखवला. लाल रेषा डावीकडून निघून उजवीकडे वर गेली होती.

“ही समुद्राच्या तापमानाची रेषा,” ते म्हणाले. “आता मला तुमच्याकडून ऐकायचंय. मासळी कमी झालीय का?”

“झाली,” अख्खं सभागृह म्हणालं. कुलगुरूंनी मान डोलावली.

“आणि तुमच्या मते त्याचं कारण काय?”

विश्वजीतराव लाल रेषेच्या वरच्या टोकाशी काठी धरून उभे होते. उत्तर तिथेच होतं, कुणी तरी नुसतं म्हणायचं होतं.

मागच्या रांगेतून दयाराम नाखवा उठले. “कारन म्हंजे शैलेश,” ते म्हणाले. यावेळी ते लाल रेषेला म्हणाले.

“कोण शैलेश?” कुलगुरूंनी मला विचारलं.

“कृष्णाबाईंचे जावई.”

त्यानंतर जे झालं त्याला वृत्तांतात ‘सखोल विचारमंथन’ म्हटलेलं आहे, आणि तो वृत्तांत मीच लिहिला आहे. शैलेश उठून म्हणाले की आपल्या डोलीमुळे कुणाची मासळी जात नाही, ज्याची डोल फाटकी असते त्याची जाते. नाखवा चौरंगावरच्या कलशाला म्हणाले की काही लोकांना समुद्र सासऱ्याने आंदण दिलाय असं वाटतं. कृष्णाबाई माईकला म्हणाल्या की आमच्या घरधन्याचं नाव घ्यायचं काम नाय. अर्धं सभागृह एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. विश्वजीतराव मध्येच म्हणायचे, “म्हणजे तापमानामुळे स्पर्धा वाढली, असं म्हणता येईल का?” आणि दोन्ही बाजू एकमुखाने म्हणायच्या, “मास्तर, तुमी जरा थांबा.”

कुलगुरू मात्र खुर्चीच्या टोकावर सरकले होते. इतकी वर्षं त्यांनी चर्चासत्रांत झोपलेली माणसं पाहिली होती. उभी राहून बोलणारी माणसं ते पहिल्यांदाच बघत होते.

“पुरे,” कृष्णाबाई अखेर म्हणाल्या, आणि त्या म्हणाल्यामुळे पुरे झालं. “ते जाऊं दे. मास्तर, मी सांगते तुमाला. यंदा मार्गशिर्षात बोंबील सुकत घातलेला. मार्गशिर्षात कदी पाऊस असतो? आला. वलांडीवरचा सगला माल काला पडला. पोरींनी चादरी टाकल्या, माज्या लग्नातला शालू टाकला वर. काय उपेग नाय.”

एसीचा तो जुना आवाज तेवढा ऐकू येत होता.

“माजेबी भिजले,” दयाराम नाखवा म्हणाले.

ते कलशाला म्हणाले नाहीत. सरळ कृष्णाबाईंकडे बघून म्हणाले. त्यांच्याही ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण मग ते घाईने खाली बसले.

“ठाऊक हाय,” कृष्णाबाई म्हणाल्या. “तुमची सून रडत होती. मी तिला च्या पाजला.”

विश्वजीतरावांच्या हातातली काठी खाली आली होती. त्यांनी लाल रेषेचा पडदा बंद केला आणि तेही तिथेच, व्यासपीठाच्या पायरीवर, अनवाणी बसले. पाऊस कधी आला, किती आला, पूर्वी येत होता का, असं ते एकेकाला विचारू लागले, आणि लोक सांगू लागले. पुढचा बराच वेळ तिथे खरोखर लोकसंवाद झाला. त्याबद्दल मला काही गमतीचं सांगता येत नाही, त्यामुळे तो भाग सोडून देतो.

शेवटी कुलगुरू बोलायला उठले. “आज मी समाज पाहिला,” ते म्हणाले. “मतभेद असलेला आणि तरी एकत्र बसलेला. पर्यावरण विभाग स्वतंत्रच राहील. पाटी उतरणार नाही.”

टाळ्या झाल्या. मोऱ्याच्या लोकांना कुठली पाटी ते माहीत नव्हतं, पण पाटी उतरू नये असं त्यांनाही वाटत असावं. विश्वजीतरावांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात ठेवला. रोशनीने ललितावहिनींचा हात धरला होता.

“पण संवाद एकतर्फी असू नये,” कुलगुरू पुढे म्हणाले. “या विद्यापीठाने समाजासाठी काय करावं, ते समाजाने आज निःसंकोच मागावं. कृष्णाबाई, आपण बोला.”

सभागृह सावरून बसलं. विश्वजीतरावांनी मला डोळ्यांनी खुणावलं, लिहून घ्या. मी पेन काढलं. धूपप्रतिबंधक बंधारा, हवामानाचा आगाऊ इशारा, बोंबील सुकवायला छप्पर, यातलं काय आधी येतं ते बघत मी थांबलो.

कृष्णाबाई माईकजवळ आल्या. “समुद्र आमचा बाप हाय,” त्या म्हणाल्या. “त्याची तब्बेत बिघाडली हाय, ता आमाला बी दिसतंय. तुमी इचारताव, बरं वाटलं. गरमी तर अशी वाढली की मांडवात मानूस उभा राहत नाय. म्हनून माजं एकच मागनं हाय.” त्यांनी एकदा वर, एसीच्या जाळीकडे पाहिलं. “मे महिन्यात माज्या नातीची हलद हाय. हा हॉल एक रातीसाठी द्या.”

कुलगुरूंनी शेजारी बसलेल्या कुलसचिवांकडे पाहिलं. कुलसचिव म्हणाले की धार्मिक कार्यात बसतं.

“कधी आहे हळद?” कुलगुरूंनी विचारलं.

“पुनवेला.”

विश्वजीतराव पायरीवरून ताडकन उठले. नवीन शिकलेली गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही. “कृष्णाबाई, पण पौर्णिमेला उधाण असतं,” ते काळजीने म्हणाले. “सगळे समुद्रात असतील. लोक येणार कसे?”

कृष्णाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. फारच मायेने बघितलं.

“अवो मास्तर, हलदीला उधान कोन बघतंय? अख्खा मोरा येनार.” मागच्या रांगेकडे बघून त्या म्हणाल्या, “नाखव्याचं घर बी येनार.” नाखव्यांनी मान हलवली. “तुमी बी या, वयनींना घेऊन या. फकस्त ती लाल रेष तेवढी घरी ठेऊन या.”